माशीची काठी

मंगफ, कुवेत
६ जानेवारी २०२५

चि. सुयोग यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर बोलले की विनिता स्वयंपाकघरातून ऐकते आणि जावई हॉलमधून. मला जे सांगायचंय ते दोघांच्याही कानावर जाता कामा नये, म्हणून हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतेय. तूही तसंच कर. टाईप केलेलं पत्र आलं की मला बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं, आणि तू तर बँकवालाच.

परवा आर्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. हिमाचलात तीर्थन नावाची नदी आहे. तिथं गुडघाभर पाण्यात उभा राहून एक माणूस पर्यटकांना ट्राउट मासा धरायला शिकवत होता. "आजी, इज धिस जयदीप मामा?" म्हणाली. मी म्हटलं, चष्मा आण. चष्म्यातूनही जयदीपच होता. दाढी पांढरी झालीय रे त्याची. तो व्हिडिओ मी आर्याला पुन्हा चारदा लावायला लावला.

तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे नंतर गैरसमज नको. इथल्या तेल कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून तो मासे धरायला गेला, तेव्हा मी बोलले. बोलणारच. पुढे तिकडेच लग्न केलं आणि मला त्याचा फोटो पाठवला. आईला आमंत्रण नाही, फोटो! मी उत्तर दिलं नाही, त्यानेही परत विचारलं नाही. त्याला आता चार वर्षं झाली. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण मला त्याला बघायचंय. मोबाईलमध्ये नाही, समोर.

आई म्हणून मी जाणार नाही. बोलावल्याशिवाय कशाला जाऊ? पण गिऱ्हाईक म्हणून कुणीही जाऊ शकतं. एप्रिलमध्ये मी भारतात येतेच आहे, तेव्हा जाईन. रिकाम्या हाताने गेले तर म्हणेल, आली भांडायला. स्वतःची काठी घेऊन, थोडं शिकून गेले तर त्याला बोलायला जागा राहणार नाही. तेव्हा ट्राउटसाठी काठी कुठली आणि तिला दोरी कुठली, ते शोधून कळव. इथं फहाहीलला मासेमारीच्या सामानाची दुकानं आहेत.

जयदीपला यातलं अक्षर कळता कामा नये. विनिता माझ्यामागे त्याच्याशी बोलते, मला माहीत आहे. तिला कळलं की त्याला कळलंच. तुला माझी शपथ आहे.

तुझी
गोदूआत्या


चंदीगड
१४ जानेवारी २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तिळगूळ घे, गोड बोल. तुला सांगून उपयोग नाही, पण रीत म्हणून लिहिलं.

पत्र वाचून मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. तू आणि मासेमारी! बाजारात सुरमई घेताना कोळणीशी भांडणं एवढीच तुझी मासेमारी मी पाहिलेली आहे. असो. आमच्या ब्रँचमध्ये रूपेश नावाचा एक जण आहे. सुट्टी मिळाली की नदीवर असतो. त्याला विचारून लिहितोय.

तो म्हणतो, सरळ माशीची काठी घ्यायची. नऊ फुटी, पाच नंबर. दोरीही पाच नंबर. काठी फार ताठ नको, मधून जरा वाकणारी बघ, नव्या माणसाला ती सोपी जाते. दुकानदार दुसरं काही गळ्यात मारायला बघेल, ऐकू नकोस.

जयदीपची काळजी करू नकोस. पण एप्रिलमध्ये तिथलं पाणी बर्फासारखं असतं, लोकरीचे मोजे आत्ताच काढून ठेव.

तुझा
सुयोग


मंगफ
२५ जानेवारी २०२५

चि. सुयोग,

तुझ्या त्या रूपेशला माझ्यासमोर उभा कर. एकदाच.

तू लिहिलंस 'माशाची काठी'. मला वाटलंच होतं, की काठी माशाची नाही तर काय माकडाची असणार? पण तू बँकेत मोठा अधिकारी, म्हटलं असेल काही अर्थ. गेले फहाहीलला. दुकानात हमीद म्हणून कालिकतचा पोरगेला माणूस आहे, मला अम्मा म्हणतो. त्याला म्हटलं, मछली का काठी, पाँच नंबर. तो म्हणाला, पाँच औंस? मला काय ठाऊक, मी म्हटलं असेल. औंस म्हणजे दोरीला लावायच्या शिशाचं वजन, हे मला नंतर कळलं. नऊ फुटी नव्हती म्हणून त्याने तेरा फुटी दिली आणि वर म्हणाला, अम्मा, बडा है तो बेटर है.

तेरा फूट! दोन तुकड्यांत होते ती, तरी एकेक तुकडा माझ्याहून उंच. टॅक्सीत काच खाली करून बाहेर धरून आणली. लिफ्टमध्ये शिरले तर तिरकी अडकली आणि दार काही मिटेना. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, धावत आला, अरबीत ओरडायला लागला, मी मराठीत ओरडले. शेवटी जिन्याने पाचव्या मजल्यावर नेली. आर्या म्हणाली, "आजी, सो एम्बॅरसिंग." विनिताला सांगितलं, डॉक्टरांनी खांद्याला व्यायाम सांगितलाय. ती माझ्याकडे बघतच राहिली.

काल किनाऱ्यावर नेऊन बघितली. दोन हातांनी उचलावी लागते. हिला म्हैस बांधावी. शेजारी एक बांगलादेशी मासे धरत होता, तो म्हणाला या काठीने हमूरसारखा मोठा मासा ओढून काढतात. आणि ट्राउट कुठे मिळेल म्हणून मी हमीदला विचारलं होतं, तर त्याचं उत्तर ऐक: जमईयात, म्हणजे इथल्या सहकारी बझारात, फ्रीझरमध्ये, दोनच्या पाकिटात.

ही काठी घेऊन मी जयदीपच्या नदीवर गेले तर तो हसून हसून पाण्यात बसेल. मला हसं करून घ्यायचं नाहीये. नीट विचारून लिही.

आत्या


चंदीगड
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

माशी, आत्या, माशी! घरात घोंघावते ती. 'माशाची' नाही, 'माशीची' काठी. वेलांटी काढताना पेन उठलं असणार. तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलंस, आणि घरच्याच भाच्याने दगा दिला.

आता नीट ऐक. ट्राउट पाण्यावर बसणाऱ्या माश्या खातो. म्हणून गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. एरवी दोरीला शिसं असतं. आपण शिसं फेकतो आणि दोरी त्याच्यामागून फरफटत जाते. या माशीला वजनच नाही, ती फेकली तर पायाशी पडेल. म्हणून इथं दोरीच जाड आणि वजनदार करतात. फेकायची ती दोरी, माशी तिच्या टोकाला बसून फुकट जाते. पाच नंबर म्हणजे त्या दोरीचं वजन, मजबुती नव्हे. दोरी मागे गेली की तिच्या वजनाने काठी वाकते, आणि वाकलेली सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. म्हणून काठीवर जो आकडा, तोच दोरीवर हवा. दोरी हलकी असली तर काठीला ती जाणवत नाही, आणि जड असली तर काठी तिच्याखाली दबते. दोरी तरंगणारी घे, पुढच्या बाजूला जाड असते ती.

तुझं पत्र वाचून रूपेश पोट धरून हसला. तू लिफ्टमध्ये कशी अडकलीस ते त्याने मला पुन्हा विचारून घेतलं.

तुझा
सुयोग


मंगफ
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सुयोग,

काठी मिळाली. हमीद भला माणूस, तेरा फुटी त्याने परत घेतली. दुकानाच्या मागे एका गोऱ्याने मागवून न नेलेली माशीची काठी होती. नऊ फुटी, पाच नंबर, चार तुकड्यांत. हातात घेतली आणि मला हसू आलं. छडीएवढी हलकी! वर्गात हीच असती तर पोरांची काय बिशाद होती. हमीदने रील बसवून दिलं, दोरी भरून दिली. माशीऐवजी मी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधला, कुणाच्या डोळ्यात गळ जायला नको.

परवा इथं राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्या होत्या, पोरं रस्त्यावर पाणी उडवत होती. मी सकाळीच किनाऱ्यावर गेले आणि काठी मागेपुढे करायला लागले. एक पोलीस आला. "ममनू, ममनू!" म्हणजे इथं मासे धरायला मनाई. मी त्याला लोकरीचा तुकडा दाखवला आणि म्हटलं, "माफी समक." मासा नाहीच आहे. त्याने लोकर हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, आणि डोक्याला हात लावून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र गाडीत बसून माझा तमाशा बघत होता, मेला.

पण जमत नाहीये रे. काठी मागे नेली की मुठीपर्यंत वाकते आणि दोरी डोक्यावर सांडते, शेवयांसारखी. हमीदकडे पाच नंबर दोरी नव्हती, त्याने आठ दिली. समुद्रात तीच चालते म्हणाला. त्याने होत असेल का? शिवाय दोरी गुंडाळायची वेळ आली की माझा पार गोंधळ उडतो. काठी या हातातून त्या हातात घ्यावी लागते, तोवर अर्धी दोरी पायात.

आत्ता विनिता खोलीत डोकावून गेली. "आई, तू खूश दिसतेस हल्ली," म्हणाली. मी म्हटलं, खांदा मोकळा झालाय. खरं सांगू का, रोज सकाळी उठल्यावर मला वाटतं की आता एप्रिल जवळ आला. आणि मग भीतीही वाटते. मला बघून त्याने तोंड फिरवलं तर काय करायचं, हे काही तुझ्या रूपेशला विचारता येणार नाही.

आत्या


चंदीगड
७ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न.

दोष तुझा नाही, दोरीचा आहे. पाचाच्या काठीवर आठाची दोरी म्हणजे पोराच्या खांद्यावर सिलिंडर. काठी दबणारच. हमीदला सांग, दुबईहून मागव, पण पाचच हवी.

फेकताना जोर लावू नकोस. तू रागाने फेकतेस. मनगट ताठ ठेव, हात कोपरातून हलव. काठी घड्याळातल्या दहापासून एकापर्यंतच न्यायची, त्याच्या मागे नाही. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांब आणि मगच पुढे आण. तुला थांबवत नाही, हीच अडचण आहे.

आणि गुंडाळताना गोंधळ होतो त्याचं कारण रील उलटं बसलंय. हमीदकडून हँडल उजव्या बाजूला करून घे. डाव्या हाताने फेकणाऱ्याला ते उजवीकडेच लागतं, म्हणजे काठी हातातून सोडावी लागत नाही. थंडीत तुझा डावा खांदा धरतो, तेव्हा सकाळी शेकून मग फेकायला जा.

तुझा
सुयोग


मंगफ
१५ मार्च २०२५

सुयोग,

रमजान असल्यामुळे हमीदचं दुकान संध्याकाळी उघडतं. काल गेले. पाच नंबर दोरी आली होती, ती भरून घेतली. मग त्याला म्हटलं, हँडल उजवीकडे कर. तो म्हणाला, "अम्मा, लेफ्टी है क्या?" आणि मी दुकानातच स्टुलावर बसले.

मी लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने. लहानपणी पट्ट्या खाऊन बदललेला हात आहे तो. जगाला मी उजवीच. पण फेकायचं काही असलं की डावाच हात वर जातो. तुला पाठवलेल्या पत्रांचे फोटो मी पुन्हा वाचून काढले. कुठल्या हाताने फेकते ते एकातही लिहिलेलं नाही. तू मला कधी काही फेकताना पाहिलेलं नाहीस. विनिता गुणी, तिच्यावर कधी वेळ आली नाही. मी चप्पल डाव्या हाताने फेकते हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, कारण ती चुकवायची कुठून हे त्याला शिकावं लागलं होतं.

रूपेश म्हणे!

म्हणजे तेरा फुटी काठी, लिफ्ट, तो पोलीस, सगळं त्याने वाचलं. मला भीती वाटते असं लिहिलं होतं, तेही वाचलं. दोन महिने मी त्याच्याकडूनच शिकतेय आणि मलाच पत्ता नाही. माझी शपथ घातली होती तुला, लाज नाही वाटली?

आणि त्याला. आई येणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक, मग तोंडाने "ये" म्हणायला काय झालं होतं? दोरीचा नंबर सांगतो, खांदा शेकायला सांगतो, पण ये म्हणत नाही. त्याला माहीत नव्हतं तोवर मी गिऱ्हाईक होते. आता मी गेले तर ती बिनबोलावता गेलेली आई होईल. ते मला जमणार नाही. मी येत नाही. एप्रिलचं तिकीट रत्नागिरीच्या घरी जाण्यापुरतं ठेवते. काठी आर्याला देऊन टाकेन, पडदे वर सारायला होईल.

गोदूबाई


चंदीगड
२० मार्च २०२५

ती. आत्या,

शिव्या मान्य. पण एक सांगू? तुझं पहिलं पत्र दोन पानी होतं. पहिलं पान वाचलं, दाढीचं आणि व्हिडिओ चारदा लावायला लावल्याचं, आणि मला राहवेना, ते मी तसंच जयदीपला पाठवून दिलं. शपथ दुसऱ्या पानावर होती. त्यानंतरची पत्रं मात्र शपथ मोडून पाठवली, तो गुन्हा माझा. रूपेश नावाचा कुणी इथं नाही.

तू येत नाहीस म्हटल्यावर मी त्याला फोन करून खूप बोललो. तुझंच वाक्य ऐकवलं, ये म्हणायला काय झालं होतं. तो म्हणाला, "मी एकदा फोटो पाठवून बघितला. लग्न घाईत केलं, बायकोच्या वडिलांचं आजारपण होतं, फोटोखाली 'आई, ये' असं लिहिणार होतो आणि धीर झाला नाही. आता आई गिऱ्हाईक म्हणून तरी येत होती. मी आई म्हणून बोलावलं असतं आणि ती नाही म्हणाली असती, तर तेवढंही गेलं असतं."

तुम्ही दोघं एकाच मुशीतले. तो तुझ्या नकाराला घाबरतो, तू त्याच्या. मध्ये मी दोन महिने पोस्टमन झालो, आता पुरे. खाली त्याचा पत्ता आणि नंबर देतोय. मला यापुढे लिहिलंस तर फक्त तब्येतीचं लिही.

तुझा
सुयोग


मंगफ
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

मा. व्यवस्थापक,
तीर्थन नदीकाठचा ट्राउट कॅम्प

स. न. वि. वि.

मी एक ज्येष्ठ नागरिक असून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस आपल्याकडे ट्राउट मासेमारी शिकण्यासाठी येऊ इच्छिते. माझ्याकडे स्वतःची नऊ फुटी, पाच नंबरची काठी व त्याच नंबरची तरंगणारी दोरी आहे. हँडल उजव्या बाजूस आहे. दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबण्याचा सराव चालू आहे. दहात चारदा जमतं.

कृपया पुढील खुलासा करावा. पाण्यात उतरावं लागतं का, की काठावरून चालेल? जेवण घरचं असतं का? धरलेला मासा खायला मिळतो की परत सोडतात? सोडत असल्यास धरायचा कशाला, हेही कळवावं.

मला कुणी बोलवावं अशी अपेक्षा नाही. इतर पाहुण्यांपेक्षा वेगळी वागणूक नको. जागा आहे किंवा नाही, एवढं कळवलंत तरी पुरे. नसल्यास माझी काही तक्रार राहणार नाही.

आपली,
श्रीमती गोदूबाई


तीर्थन खोरे, हिमाचल प्रदेश
४ एप्रिल २०२५

श्रीमती गोदूबाई यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आमच्याकडे आजवर हाताने लिहून बुकिंग कुणी केलेलं नाही, त्यामुळे उत्तर कसं द्यायचं ते ठरवायला थोडा वेळ लागला. दिरंगाईबद्दल क्षमस्व.

आपल्या प्रश्नांबाबत. पहिले दोन दिवस काठावरूनच शिकवतो, पाण्यात उतरायची सक्ती नाही. पाणी फार थंड असतं. नदीतला मासा आम्ही परत सोडतो. त्याला धरायचं कशाला, हा प्रश्न मलाही वडीलधाऱ्यांनी अनेकदा विचारला आहे, त्याचं पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नाही. खाण्यासाठी पलीकडच्या तळ्यातला मिळतो. जेवण घरचं असतं, माझी पत्नी चंद्रकला करते. ती मराठी शिकत आहे. तिची चूक काढल्यास तिला राग येत नाही, उलट ती वहीत लिहून घेते.

नऊ फुटी काठी आणि पाच नंबर दोरी या नदीला योग्य आहे. दहात चारदा जमणं हे नवशिक्याच्या मानाने उत्तम आहे. आमचे बरेचसे पाहुणे दोनपर्यंतच पोचतात.

आपल्या तारखांना जागा आहे. चार दिवसांची मागणी केली आहे, तथापि त्यानंतरही खोली रिकामीच ठेवली आहे.

पाहुण्यांना घ्यायला आमचा ड्रायव्हर खालच्या औट गावापर्यंत जातो. तुला घ्यायला मी दिल्लीला येतोय. विमान कुठलं ते कळव.

जयदीप